उशाकडची खुर्ची

माझ्या मेव्हण्याला कॉलेजातली मुलं ‘सोंगटी सर’ म्हणतात. म्हणतात पाठीमागेच, पण इतक्या मोठ्यानं की ते तोंडावर म्हटल्यात जमा. मेडिकलच्या पहिल्या वर्षाला ॲनाटॉमी शिकवणं, म्हणजे माणसाच्या आत काय काय कोंबून ठेवलंय आणि ते नेमकं कुठे आहे हे सांगणं, हा त्याचा धंदा. हा विषय असा आहे की प्रवेश मिळाल्याचा आनंद मुलं पहिल्या पंधरवड्यातच विसरतात. नुसती नावं. एवढ्याशा मनगटात मूठभर हाडं आणि प्रत्येकाचं नाव असं, की ठेवणाऱ्याचं त्या हाडाशी काहीतरी जुनं वैर असावं.

सुरुवातीला तोही इतरांसारखा फळ्यापाशी उभा राहून बोलत असे. मागे टेबलावर एक गृहस्थ निश्चल पडलेले आणि समोर बाकांवर अख्खा वर्ग निश्चल बसलेला. “दाजी, खरं सांगू?” तो मला एकदा म्हणाला होता, “टेबलावरचा निदान घोरत तरी नाही.”

त्यातून हे खेळांचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं. आधी पत्ते आले. मग पिशवी आली. पिशवीत प्लॅस्टिकची हाडं, डोळे मिटून हात घालायचा आणि चाचपून नाव सांगायचं. ती पिशवी मूळची आमच्या घरची. एकदा तो ती आमच्याकडे विसरून गेला आणि माझ्या बायकोनं, म्हणजे त्याच्या ताईनं, बाजारात लिंबांसाठी तिच्यात हात घातला, तो गुडघ्याची वाटी बाहेर आली. भाजीवाल्यानं त्या दिवशी घासाघीस न करता भाव कमी केला.

आणि मग आली चादर. तीही आमचीच. ज्या चादरीवर मी कित्येक वर्षं पाठ टेकली, तिच्यावर आता एक दुसरे गृहस्थ कायमचे पाठ टेकून पडले. मेव्हण्यानं रंगवलेला, पुरुषभर उंचीचा उताणा माणूस, पोट-छाती उघडी, तांबड्या रंगानं धमन्या, निळ्यानं शिरा, तपकिरी यकृत, बाजूला पाठ्यपुस्तकापेक्षा जरा जास्तच हसरं जठर. मुलांनी त्यांचं नाव ठेवलं चादरराव. लांबलचक टेबलावर चादरराव पसरायचे, मुलांनी भोवती बसायचं, पत्ता उचलायचा. पत्त्यावर एखादं दुखणं लिहिलेलं असे. पायाच्या शिरेत गुठळी झाली, ती फुप्फुसापर्यंत ने. की निघाली सोंगटी शिरेतून. प्रत्येक फाट्यावर रस्त्याचं नाव आणि बाजू, डावी की उजवी, मोठ्यानं सांगायची. चुकलं की सोंगटी परत टाचेत. ‘टाचेला जा’ ही त्या कॉलेजातली शिवी झाली. कॅन्टीनमध्ये रांगेत घुसणाऱ्यालाही मुलं टाचेला पाठवू लागली.

मेव्हणा स्वतः कधी बसत नसे. तो चादररावांच्या पायथ्याशी उभा. शिक्षकाला बसून शिकवणं म्हणजे पगार फुकट घेतल्यासारखं वाटतं.

आता त्या मुलीविषयी. तिला वर्गात ‘कुजबुज’ म्हणत. हजेरीला तिचा ‘हजर’ जेमतेम पुढच्या बाकापर्यंत पोचायचा, त्यामुळे समोर बसलेली असूनही पहिल्या महिन्यात ती बऱ्याचदा गैरहजर लागली. तोंडी परीक्षेत तिला काही येतं की नाही हे कुणालाच कळत नसे, कारण ऐकूच येत नसे. त्या वर्षी खेळाच्या पहिल्या दिवशी ती सरांपासून सर्वांत लांबची जागा शोधत गेली आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, चादररावांच्या उशाशी, भिंत आणि टेबल यांच्या सांदीत एकच खुर्ची मावायची, तिच्यावर जाऊन बसली. पुढे वर्षभर ती तिथेच बसली. यात नवल काही नाही. माणूस एकदा खुर्चीत बसला की ती त्याची होते. आमच्या घरात माझी खुर्ची ठरलेली आहे, बायकोची ठरलेली आहे, पाहुणा चुकून माझ्या खुर्चीत बसला तर मला घासाची चव लागत नाही.

उशाकडच्या त्या खुर्चीत बसून ही मुलगी हळूहळू खेळायला लागली. मग भराभर खेळायला लागली. इतर मुलं फाट्यावर अडायची, माना वाकड्या करायची, हवेत हात फिरवून डावं-उजवं ठरवायची. हिची सोंगटी अडतच नसे. आणि एक दिवस वर्गातला पहिला नंबर, ज्याच्यापुढे शिक्षकही जपून बोलत, तो यकृताच्या शिरेत बाजू चुकला, तेव्हा उशाकडून खणखणीत आवाज आला, “टाचेला जा.” सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. मग सगळे हसले. मग तीही हसली. त्या रात्री मेव्हणा आमच्याकडे जेवायला आला आणि दोन वेळचं जेवला. “ताई, ती बोलली,” हे त्यानं इतक्यांदा सांगितलं, की बायकोनं विचारलं, “अरे, विद्यार्थिनी आहे की तुझी तान्ही मुलगी?”

वर्ष सरलं, परीक्षा आली. प्रात्यक्षिकात एक भाग असा असतो की जिवंत माणसाच्या अंगावर, आत कुठे काय आहे, ते पेननं काढून दाखवायचं. त्यासाठी कॉलेजचा एक शिपाई दरवर्षी सदरा काढून भिंतीशी उभा राहतो. त्याला गुदगुल्या फार होतात, ही त्या विभागाची जुनी अडचण. कुजबुज त्याच्यासमोर आली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी अपेंडिक्सची जागा विचारली. “उजवीकडे, पोटाच्या खालच्या भागात,” ती स्पष्ट, मोठ्यानं म्हणाली आणि पेन टेकवलं शिपायाच्या डाव्या बाजूला. परीक्षकांना वाटलं, घाबरली असेल. ही उजवी बाजू का, म्हणून विचारलं. हो, म्हणाली. यकृत दाखव म्हटलं. तेही डावीकडे. पुन्हा विचारलं, नीट बघून सांग. ती पुन्हा हो म्हणाली, आणि त्या दिवशी तिच्या ‘हो’मध्ये कुजबुज अजिबात नव्हती. परीक्षकांनी वहीवर काहीतरी खरडलं आणि शिपायाला म्हणाले, “नशीब तुमचं, की हिच्या हातात पेनच आहे.”

ती नापास झाली. खोलीवरचं सामान उचलून त्याच आठवड्यात आईकडे निघून गेली. परत येणार नाही, असं मैत्रिणींना सांगून गेली.

मेव्हण्याला हे समजेना. समजेना म्हणजे त्याची झोप उडाली. विभागप्रमुख बाई त्याला म्हणाल्या, एक मुलगी भेदरली, त्यात खेळाचा काय दोष. या बाई अशा, की त्यांचा राग आणि लोभ चेहऱ्यावर सारखाच दिसतो. त्यांनी एवढं बोलणं म्हणजे पाठीवरून हात फिरवणंच. त्यातून थोड्याच दिवसांत विद्यापीठाची समिती चादरराव बघायला यायची होती. पसंत पडले, तर हा खेळ सगळ्या कॉलेजांत जाणार, त्याला वेगळी खोली मिळणार. मेव्हण्याचं सारं आयुष्य ज्या एका चादरीत होतं, तिचं सोनं व्हायची वेळ आली होती.

त्याच गडबडीत चादर आमच्याकडे आली, कारण डाव्या पोटरीपाशी ती उसवली होती आणि माझी बायको ती शिवत होती. आमच्या जेवणाच्या टेबलावर चादरराव पसरलेले आणि मेव्हणा सवयीप्रमाणे पायथ्याशी उभा राहून तीच गोष्ट सांगतोय. तोंडानं उजवं म्हणाली, हात डावीकडे गेला. डोक्याला माहीत आहे, हाताला नाही. असं कसं होईल?

“तू आधी बस,” ताई म्हणाली. “मला मान वर करून ऐकावं लागतंय.”

बसायला एकच खुर्ची रिकामी होती. तो तिच्यात टेकला. ती होती चादररावांच्या उशाशी.

तो बोलत होता, तो एकदम थांबला. मला वाटलं, टाचणी टोचली. त्यानं आपला उजवा हात पुढे केला आणि अलगद चादरीवर ठेवला. हात बरोबर तपकिरी यकृतावर पडला. मग तो उठला, पायथ्याशी गेला आणि पुन्हा उजवा हात पुढे केला. तो पडला यकृताच्या पलीकडे, डाव्या कुशीतल्या प्लीहेवर. पुन्हा उशाशी येऊन बसला. पुन्हा यकृत.

“ताई,” तो म्हणाला, “इथून त्याचा उजवा तोच आपला उजवा आहे.”

आम्हाला कळायला जरा वेळ लागला. समोर उभ्या माणसाची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते, हे लोकांशी समोरासमोर हात मिळवत आयुष्य काढलेल्या आपल्याला ठाऊक असतं. डॉक्टर व्हायचं, तर हे उलटापालट करणं हाडात मुरावं लागतं. पायथ्याशी असलेली मुलं ते प्रत्येक चालीला करत होती. बाजूला बसलेली माना वाकड्या करून करत होती. फक्त उशाकडच्या खुर्चीला काहीच करावं लागत नव्हतं. ती मुलगी सर्वांत भराभर खेळत होती, ते ती हुशार झाली म्हणून नव्हे. वर्षभर तिचा हात एकच गोष्ट शिकत होता, की त्याचा उजवा म्हणजे माझा उजवा. मग तिला उभ्या माणसासमोर नेलं आणि त्या हातानं आपण शिकलेलं इमानदारीत करून दाखवलं.

“आणि मी घरी येऊन सांगत होतो, की बघा कशी अडत नाही,” मेव्हणा म्हणाला.

बायकोनं सुई चादरीत तशीच खोचून ठेवली. त्या दिवशी आम्ही स्वयंपाकघरात उभ्यानंच जेवलो, कारण टेबलावरून चादर काढायला कुणी सांगेना.

दुसऱ्या दिवशी त्याच्या लक्षात आलं, की कुजबुज ही त्या खुर्चीतली पहिली नव्हे. खेळ सुरू झाल्यापासून दरवर्षी कुणीतरी तिथे बसलेलं होतं. बुजरी, मागे राहणारी मुलं, म्हणजे नेमकी ज्यांच्यासाठी त्यानं खेळ काढले ती. पास झालेली. आता डॉक्टर असलेली. त्यानं एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. बहुतेक जण हसले. एक म्हणाली, सर, एवढं डावं-उजवं कळतं हो आम्हाला, तुम्ही जेवलात का. एक जण मात्र हसून झाल्यावर म्हणाला, “सर, मी पेशंट तपासताना आधी त्याच्या शेजारी जाऊन, तो बघतोय तिकडे तोंड करून क्षणभर उभा राहतो. मगच समोर जातो. माझी नर्स मला हसते. हे मी का करतो, मलाच माहीत नव्हतं.”

मी संसारी माणूस. मी म्हटलं, यात सांगत सुटण्यासारखं काही नाही. ती खुर्ची काढून टाक. मुलांना टेबलाभोवती फिरत खेळायला लाव. समितीला यातलं काय कळणार? आपणहून घोंगडं अंगावर का ओढून घ्यायचं? मेव्हण्यानं मान हलवली, ती होकाराची की नकाराची हे मला माझ्या खुर्चीतून तरी कळलं नाही. बायको एवढंच म्हणाली, “आणि त्या पोरीनं जन्मभर स्वतःला ढ समजायचं का?”

त्या पोरीला भेटायला मग आम्ही दोघं बसनं गेलो. मला बायकोनंच बरोबर धाडलं. तिचं म्हणणं, मी सोबत असलो की कुणाला रडायला वेळच मिळत नाही.

कुजबुजच्या आईचं इस्त्रीचं दुकान होतं. खाली दुकान, वर राहायला दोन खोल्या. दुकानात गेलो, तर मुलगीच इस्त्री करत उभी. सरांना पाहून तिनं इस्त्री बाजूला ठेवली आणि काहीतरी म्हणाली. ऐकू आलं नाही. आवाज जिथून आला होता तिथे परत गेला होता. आईनं स्टुलावरचे कपडे उचलून आम्हाला जागा करून दिली. ही आता इथेच राहणार म्हणते, ती म्हणाली. माझ्या हाताला मदत होते, पण मला नको अशी मदत.

मेव्हण्यानं वाटभर जुळवलेलं भाषण तो विसरला. त्यानं मुलीच्या पुढ्यातल्या टेबलावर एक पुरुषी सदरा नीट पसरला, बटणं वर करून.

“कॉलरकडे ये,” तो म्हणाला. ती गेली. “खिसा कुठल्या हाताला?”

तिनं डावा हात हलवला.

“आता खाली, या टोकाला ये. आता?”

ती आली. तिनं सदऱ्याकडे पाहिलं, आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. पुन्हा कॉलरकडे गेली, पुन्हा खाली आली. आई म्हणाली, अगं, काय चाललंय, इस्त्री मोडेल. मुलीनं दोन्ही हात टेबलावर टेकले आणि ती कधी नाही एवढ्या स्पष्ट आवाजात म्हणाली, “मी वर्षभर कॉलरकडे बसले होते.”

“हो. आणि तुला तिथे मी बसू दिलं. मी एकदाही तुझ्या जागेवर येऊन बसलो नाही.”

मला वाटलं, आता हिचा चेहरा उजळेल. तसं झालं नाही. ती सदऱ्याच्या खिशावरून बोट फिरवत राहिली.

“पण सर, मला दोनदा विचारलं होतं. मी दोन्हीदा हो म्हणाले. उद्या खरं पोट असतं, तर?”

मेव्हण्यानं तिला त्या फोनवरच्या डॉक्टरची गोष्ट सांगितली, पेशंटच्या शेजारी उभा राहणाऱ्याची. फेरपरीक्षेला ये, असं त्यानं म्हटलं. तिनं सदरा उचलून पुन्हा इस्त्रीखाली घेतला.

निघताना तिच्या आईनं साधं विचारलं, “हे तुम्ही त्या परीक्षा घेणाऱ्यांना सांगितलंत का? तिथे सगळ्यांना वाटतंय की माझ्या मुलीला डावं-उजवं कळत नाही.”

“सांगणार आहे,” मेव्हणा म्हणाला. मी दुकानातल्या इस्त्रीकडे बघत राहिलो. बघण्यासारखं तिच्यात काही नव्हतं.

समिती आली. मेव्हण्यानं आधी खेळ दाखवला. ती पोक्त मंडळी टेबलाभोवती बसली आणि थोड्याच वेळात एकमेकांना टाचेला पाठवू लागली. सगळं फार रंगलं. अध्यक्ष म्हणाले, हे प्रत्येक कॉलेजात गेलंच पाहिजे. तेव्हा मेव्हण्यानं उशाकडच्या खुर्चीची हकीकत सांगितली. मुलीची, सदऱ्याची, फोनची, सगळी. नंतर तो मला म्हणाला, “दाजी, चहाचे कप खाली ठेवल्याचा आवाज ऐकू आला. एकापाठोपाठ एक.”

ठराव झाला, की या पद्धतीचा नीट अभ्यास होईपर्यंत खेळ थांबवावा. अभ्यास कुणी करायचा, हे ठरावात नव्हतं. सगळे गेल्यावर विभागप्रमुख बाई म्हणाल्या, “एक खुर्ची काढून टाकली असती, तर भागलं असतं हो.” माझंच मत, पण त्यांच्या तोंडून मला ते तितकंसं आवडलं नाही. मेव्हणा म्हणाला, “खुर्ची काढता येते, बाई. बसून गेलेल्यांचं काय करू?”

फेरपरीक्षेला कुजबुज आली. मेव्हण्याला आत जायला मनाई होती, कारण आता तो त्या मुलीच्या बाजूचा साक्षीदारच झाला होता. तो बाहेर व्हरांड्यात. आत काय झालं, ते विभागप्रमुख बाईंनी येऊन सांगितलं. शिपाई सदरा काढून भिंतीशी उभा होता. मुलगी त्याच्यासमोर गेलीच नाही. ती त्याच्या शेजारी, भिंतीला पाठ लावून, खांद्याला खांदा भिडवून उभी राहिली. शिपाई बिचकला. परीक्षक म्हणाले, फोटो काढायचाय का? तिनं आपला हात आपल्याच पोटावर उजवीकडे ठेवला. मग वळून समोर आली आणि पेन टेकवलं. बरोबर होतं. यकृत विचारलं. ती पुन्हा शेजारी जाऊन उभी राहिली. प्लीहा विचारली. पुन्हा शेजारी. प्रत्येक प्रश्नाला. परीक्षकांचा वेळ गेला, पण त्यांनी तो दिला.

पास झाली. फक्त, बाई म्हणाल्या, काय बोलत होती ते ऐकायला परीक्षकांना कान जवळ न्यावा लागला. त्यांना जे कळलं, ते तिच्या हातावरून.

मेव्हण्यानं ते ऐकलं आणि तो आमच्याकडे आला. पास झाली, असं त्यानं एकदाच सांगितलं. ती बोलली की नाही, ते ताईनं विचारलं नाही.

चादरराव आता आमच्या कपाटात वरच्या फळीवर घडी होऊन आहेत. वर्गात पुन्हा फळा सुरू झालाय, आणि घोरणंही. आमच्याकडे जेवायला आला, की मेव्हणा प्रत्येक वेळी वेगळ्या खुर्चीत बसतो. परवा तो माझ्याच खुर्चीत बसला. मला बायकोच्या खुर्चीत बसावं लागलं, तेव्हा कळलं, की त्या खुर्चीचा एक पाय तोकडा आहे आणि प्रत्येक घासाला ती डुगडुगते. बायकोला म्हटलं, अगं, सांगायचं नाही का? ती म्हणाली, तुम्ही कधी इकडे बसलात?

जेवण झाल्यावर मेव्हणा फोन घेऊन गच्चीत जातो. उशाकडच्या खुर्चीत बसून गेलेल्यांपैकी एकानं फोन अजून उचललेला नाही. नंबर बदलला असेल, दूर कुठे गेला असेल, नुसता कामात असेल. घंटी वाजत राहते. तेवढा वेळ आम्ही आत भांडी आवरत नाही.